जलशातील सोंगाड्या आणि आपण

(भीमजयंतीनिमित्त स्कोफिल्ड्स, सिडनी येथे भरलेल्या कौटुंबिक मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



गेली काही वर्षे या व्यासपीठावरून माझे नाव पुकारले गेले, की आपण सारे ताटातील जिलेबीकडे अपराधी नजरेने पाहू लागता, याची मला पूर्ण कल्पना आहे. वैद्यकाने मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार यांवरच बोलावे असा जणू एक अलिखित ठराव आपल्यात झालेला आहे. यंदा मी अध्यक्ष महोदयांकडून वेगळ्या विषयाची परवानगी मागून घेतली. विषय आहे गाण्यातील उपरोधाचा, विडंबनाचा. हसणे हे उत्तम औषध आहे, अशा थाटाचे भाषण मात्र मी करणार नाही. आयुष्यभर औषधे लिहून देणाऱ्या माणसाला त्या वाक्यातील फोलपणा ठाऊक असतो. ज्या हसण्याने समोरच्याला घाम फुटतो, त्या हसण्याविषयी मला बोलावयाचे आहे.

निमित्त असे घडले. माझ्या दवाखान्यात एक वृद्ध गृहस्थ तपासणीसाठी येतात. ते मूळचे माँटेनेग्रोचे. पूर्वीच्या युगोस्लाव्हियातील हे एक चिमुकले डोंगराळ राज्य, आता स्वतंत्र देश. एके दिवशी त्यांनी खिशातून एक ध्वनिमुद्रिका काढून माझ्या टेबलावर ठेवली. गायकाचे नाव राम्बो अमादेयुस. हे अर्थातच घेतलेले नाव. खरे नाव अँटोनिये पुशिच. हाणामारीच्या चित्रपटातील राम्बो आणि अभिजात संगीतातील मोझार्टचे मधले नाव अमादेयुस, या दोघांची मोट बांधून त्याने हे सोंग उभे केले. १९८८ साली त्याचा पहिला अल्बम निघाला. आपल्या देशातील रडवी प्रेमगीते, पोकळ देशभक्तीचा आव, नवश्रीमंतांचा डामडौल या सर्वांची त्याने त्यांच्याच सुरांत टर उडविली. ते गृहस्थ मला एकेक ओळ इंग्रजीत समजावून सांगत आणि सांगता सांगता स्वतःच इतके हसत की शेवटी मला त्यांचा रक्तदाब पुन्हा मोजावा लागला. भाषांतर पूर्ण होईपर्यंत विनोदाचा प्राण गेलेला असे. तरी भाषा न कळताही एक गोष्ट मला स्पष्ट ऐकू येत होती : हा माणूस कोणाच्या तरी भारदस्त आवाजाची नक्कल करतो आहे, आणि तो 'कोणी तरी' बलवान आहे.

पुढे मी या गायकाविषयी थोडे वाचले. १९९२ च्या डिसेंबरात, युगोस्लाव्हिया युद्धात फुटत असता, बेलग्रेडमधील एका संगीत समारंभात हा मनुष्य रंगमंचावर आला. दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपण चालू होते. येथे गाणी चालली असताना तिकडे शेजारच्या शहरांवर बाँब पडत आहेत, हे त्याने बोलून दाखविले आणि ध्वनिक्षेपक टाकून तो निघून गेला. या प्रसंगापेक्षाही मला अधिक अस्वस्थ केले ते दुसऱ्या एका गोष्टीने. लोकगीत आणि यंत्राचा ठणठणाट यांच्या भेसळीला त्याने थट्टेने 'टर्बो-फोक' असे नाव दिले होते. ती थट्टा होती, शिवी होती. पण पुढे त्याच भेसळीचा तेथे मोठा बाजार झाला, युद्धखोर राष्ट्रवादाच्या काळात तेच संगीत दणाणले, आणि त्या संगीतप्रकाराने ती शिवीच आपले अधिकृत नाव म्हणून मिरविली. विडंबनाने ज्याच्यावर घाव घातला, त्यानेच विडंबनाला गिळून टाकले. या मुद्द्याकडे मी पुन्हा येणार आहे.

जाताना त्या गृहस्थांनी विचारले, "डॉक्टर, तुमच्या लोकांत असा कोणी आहे का?" मी अभिमानाने म्हणालो, "एक? शेकडो!" "मग ऐकवा." आणि बंधू-भगिनींनो, मी निरुत्तर झालो. माझ्या गॅरेजमध्ये बुटांच्या खोक्यात पंधरा-वीस कॅसेटी आहेत. त्या वाजविण्याचे यंत्र माझ्या घरात नाही. असते तरी त्या फितींची काय अवस्था झाली असेल, देव जाणे, असे म्हणणार होतो. परंतु बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या माणसाने ते काम देवाकडे सोपवणे बरे नव्हे.

त्या खोक्याच्या मागे मोठा इतिहास आहे. तमाशाचा जुना घाट आपल्यापैकी वडीलधाऱ्यांना ठाऊक असेल. आरंभी गण, म्हणजे गणपतीचे स्तवन. मग गौळण, म्हणजे कृष्ण, गवळणी आणि मावशी. त्यानंतर बतावणी आणि वग. या कलेत राबणारे कलावंत बहुतांशी महार-मांग समाजातील. कला आपली आणि करमणूक गावाची, असा तो व्यवहार होता. महात्मा जोतीराव फुले यांनी २४ सप्टेंबर १८७३ रोजी स्थापन केलेल्या सत्यशोधक समाजाच्या प्रेरणेने पुढे सत्यशोधक जलसे उभे राहिले, तेव्हा हा घाट आतून बदलू लागला. गणातून गणपती गेला आणि 'गण म्हणजे लोक' असा अर्थ लावला जाऊ लागला. आंबेडकरी जलशाने हे काम पुढे नेले. ढोलकी तीच, तुणतुणे तेच, झांज तीच. परंतु वंदन बाबासाहेबांना, गौळणीच्या जागी प्रबोधनाचे संवाद, आणि वगात राजा-राणीऐवजी भटजी, सावकार, तलाठी, पाटील. महाडचा सत्याग्रह २० मार्च १९२७ चा, काळाराम मंदिराचा सत्याग्रह २ मार्च १९३० रोजी सुरू झालेला, येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची. या घटना वृत्तपत्रे न वाचणाऱ्या, वाचू न शकणाऱ्या आपल्या आजोबा-पणजोबांपर्यंत पोहोचल्या त्या बहुतांशी ढोलकीवर.

नाशिक जिल्ह्यातील भीमराव कर्डक यांच्या जलशाचे नाव यात अग्रभागी घ्यावे लागते. आपल्या दहा सभांचे काम कर्डकांचा एक जलसा करतो, अशा आशयाचे उद्गार बाबासाहेबांनी काढल्याचे जुनी मंडळी अभिमानाने सांगत. कर्डकांनी १९७८ साली 'आंबेडकरी जलसे : स्वरूप व कार्य' हे पुस्तक लिहून ठेवले म्हणून आज आपल्याला या विषयाची काही माहिती तरी आहे. ज्यांनी लिहून ठेवले नाही, अशा किती तरी पार्ट्या गावोगावी गाऊन विस्मृतीत गेल्या.

आता या जलशातील एका पात्राकडे मी आपले लक्ष वेधू इच्छितो. ते पात्र म्हणजे सोंगाड्या. तमाशात तो वेडेवाकडे बोलून हशा पिकवी. जलशात त्याच्या वेडेपणाला काम मिळाले. भटजी सोवळ्याचा नियम सांगतो आणि सोंगाड्या अगदी भाबडेपणाने विचारतो, की विहिरीत पडलेले मांजर चालते, मग मी का नाही? प्रश्न भाबडा असल्यामुळे भटजीला रागावता येत नाही, आणि उत्तर नसल्यामुळे बोलताही येत नाही. वकील उलटतपासणीत जे करतो ते सोंगाड्या फेटा वाकडा बांधून करी. परंतु आपण सोयीस्कररीत्या विसरतो ती दुसरी गोष्ट अशी, की हाच सोंगाड्या वळून आपल्या माणसांकडेही पाही. मेलेल्या ढोराच्या मांसासाठी भांडणारे, दारू पिऊन बायकोला मारणारे, देवऋष्याच्या नादी लागून कर्ज काढणारे, चार बुके शिकून गावाकडच्या आईला ओळख न देणारे, हे सारे त्याच्या तडाख्यातून सुटत नसत. श्रोत्यांत बसलेली माणसे खो-खो हसत आणि हसता हसता खाली पाहत. गळू फोडताना मी रुग्णाला सांगतो, की दुखेल, पण आतले बाहेर आले पाहिजे. आमच्या शल्यचिकित्सेच्या अध्यापकांचे म्हणणे असे, की सुरी दुसऱ्याच्या अंगावर चालविण्यापूर्वी तिची धार स्वतःच्या नखावर पाहावी. जलसाकारांनी हे महाविद्यालयात न जाता ओळखले होते.

याच नाशिक जिल्ह्यातील, सिन्नर तालुक्यातील देशवंडीचे, आडनावही कर्डक, असे आपले लोककवी वामनदादा. जन्म १५ ऑगस्ट १९२२, निर्वाण १५ मे २००४. त्यांच्या हजारो गीतांतील करुणा आणि निष्ठा आपल्या मुखोद्गत आहे. पण त्यांच्या काव्याचा आरंभ कशाने झाला? विडंबनाने. मुंबईत कामगार म्हणून राहत असता, १९४३ साली, राणीच्या बागेत, एका हिंदी चित्रगीताच्या चालीवर त्यांनी थट्टेचे शब्द बसविले आणि सोबत्यांनी ते डोक्यावर घेतले. ज्या माणसाला प्रौढ वयापर्यंत अक्षरओळख नव्हती, कोणी पत्र वाचावयास दिले तेव्हा वाचता येईना म्हणून जो रडला आणि मग दुकानांच्या पाट्या वाचीत शिकला, त्या माणसाने पहिले गाणे रचले ते हसविण्यासाठी. मला हे फार अर्थपूर्ण वाटते.

चित्रपटाच्या चालीवर भीमगीत रचण्याला आपल्यातील काही सुशिक्षित मंडळी नाके मुरडतात. उसनी चाल म्हणजे उसनी कला, असे त्यांना वाटते. मी संगीताचा जाणकार नाही, परंतु या पद्धतीची कार्यक्षमता मला दिसते. चाल आधीच सर्वांच्या कानांत असते. तिला स्वरलिपी नको, तालीम नको, गुरू नको. आणि मुख्य म्हणजे श्रोत्याच्या मनात जुने शब्द आपोआप उमटतात. गायक 'चाँद' यावयाच्या ठिकाणी 'चावडी' म्हणतो, नायिकेच्या ठिकाणी सावकार उभा करतो, आणि जुन्या-नव्या शब्दांत जी फट पडते तिच्यातून हशा निघतो. गंभीर गीताला केवळ कान पुरतात. विडंबनाला श्रोत्याची स्मरणशक्तीही कामाला लावावी लागते. म्हणूनच माझ्या माँटेनेग्रोच्या मित्राचा विनोद मला कळेना. मूळ गाणे माझ्या कानांत नव्हते.

लाल बावट्याच्या बाजूने हीच कला अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि गवाणकर यांनी १९४४ पासून कलापथकातून गाजविली. स्वातंत्र्यानंतर मुंबई सरकारने त्यांच्या प्रयोगांवर बंदी घातली. सरकारला भाषणापेक्षा वगनाट्याची अधिक भीती वाटली, यातच त्याचे प्रशस्तिपत्र आले. तमाशाला 'लोकनाट्य' हे नाव रूढ झाले ते याच काळात. तो स्वतंत्र भाषणाचा विषय आहे. मी कॅसेटीकडे येतो.

ग्रामोफोनची तबकडी काढावयाची तर मोठी कंपनी लागे, आणि कंपनीला खपाची हमी लागे. कॅसेटने हा दरवाजा मोडला. एक खोली, एक हार्मोनियम, एक ढोलकी, दोन फितींचे यंत्र, एवढ्यावर गाणे तयार होऊन गावोगाव जाऊ लागले. अमेरिकन अभ्यासक पीटर मॅन्युएल यांनी १९९३ च्या 'कॅसेट कल्चर' या ग्रंथात उत्तर भारतातील या क्रांतीचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. आपल्याला ती ग्रंथातून शिकावी लागली नाही. दीक्षाभूमीवर धम्मचक्र प्रवर्तन दिनी आणि चैत्यभूमीवर ६ डिसेंबरला एका ओळीत पुस्तकांची दुकाने आणि दुसऱ्या ओळीत कॅसेटींची, हे दृश्य आपण सर्वांनी पाहिले आहे. माझ्या लहानपणी घरच्या रेडिओवर ही गाणी ऐकल्याचे मला आठवत नाही. कॅसेट आली आणि वस्तीतील प्रत्येक घर स्वतःचे आकाशवाणी केंद्र झाले.

या काळातील एक विडंबन असे आहे की जे कोणा कवीने रचले नाही, परिस्थितीनेच रचले. प्रल्हाद शिंदे यांचा पहाडी आवाज आपल्या जयंतीत घुमत असे, कव्वालीच्या मुकाबल्यात घुमत असे, आणि तोच आवाज विठ्ठलाच्या आणि गणपतीच्या गीतांतून देशभर पोहोचला. ज्यांच्या घरात आपल्याला पाण्याचा पेला वेगळा मिळे, ती मंडळी मांडवात डोळे मिटून या आवाजापुढे हात जोडून उभी राहत. २००४ साली, वामनदादांच्या मागोमाग, ते गेले. त्यांच्या पुढच्या दोन पिढ्या आज महाराष्ट्राच्या कानांवर राज्य करीत आहेत. आपल्याच विठ्ठल उमपांना २०१० च्या नोव्हेंबरात दीक्षाभूमीवर, रंगमंचावरच मृत्यू आला. लोककलेतील थट्टामस्करी, नक्कल, सोंग हे सारे त्या एका देहात वस्तीस होते.

आणि उपरोधाची किंमत? तीही सांगितली पाहिजे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार होऊन दहा माणसे मृत्यू पावली. चार दिवसांनी शाहीर विलास घोगरे यांनी आपले जीवन संपविले. आनंद पटवर्धन यांनी 'जय भीम कॉम्रेड' हा माहितीपट त्यांच्यापासूनच आरंभिला आणि चौदा वर्षांच्या चित्रीकरणानंतर पूर्ण केला. आपल्यापैकी ज्यांनी तो पाहिला नसेल त्यांनी मुलांसह पाहावा. तीन तास लागतील, पण त्यात आपली वस्ती रडतेही आणि हसतेही. २०१४ च्या 'कोर्ट' या मराठी चित्रपटात एका लोकशाहिरावर खटला भरला जातो, तो या आरोपाखाली की त्याचे गाणे ऐकून गटारात उतरणाऱ्या सफाई कामगाराने आत्महत्या केली. गीते संभाजी भगत यांची. शाहिराची भूमिका करणारे वीरा साथीदार स्वतः नागपूरचे कार्यकर्ते आणि संपादक. कोरोनाने २०२१ च्या एप्रिलात, भीमजयंतीच्या आदल्या दिवशी, त्यांना आपल्यातून नेले.

आता 'टर्बो-फोक'चा तो मुद्दा. माझ्या खोक्यातील जुन्या कॅसेटींवर एका बाजूला बुद्ध-भीम वंदना आणि दुसऱ्या बाजूला बतावणी, थट्टा, सवाल-जवाब असा संसार असे. मागील काही वर्षांत भारतात गेलो असता जयंतीच्या मिरवणुकीत मी जे ऐकले त्यात वंदना होती, जयघोष होता, आणि छातीवर मुष्टिप्रहार करणारा डीजेचा ठोका होता. सोंगाड्या मला कोठे दिसला नाही. वैद्यक म्हणून मी त्या भिंतीएवढ्या कर्ण्यांपुढे नाचणाऱ्या मुलांच्या कानांची काळजी करावयास हवी होती, आणि ती मी केलीच. पण अधिक काळजी वाटली ती याची, की जो आवाज प्रश्न विचारण्यासाठी जन्मास आला तो आता केवळ दणका देण्यासाठी उरला आहे काय? हे म्हणताना मी सावधही आहे. कडूबाई खरात यांच्यासारखी एकतारीवर गाणारी माउली मोबाइलच्या पडद्यावरून लाखोंपर्यंत पोहोचते, चेन्नईत २०१८ पासून 'कास्टलेस कलेक्टिव्ह' ही तरुण मंडळी रॅपमधून जातीची टिंगल करतात, ही वस्तुस्थिती आहे. दूर बसून मायभूमीतील ऱ्हासाचे सुस्कारे टाकणे हा परदेशस्थांचा जुना आजार आहे आणि मला त्याची लागण झाली नसेल असे मी छातीठोकपणे सांगू शकत नाही.

म्हणून मी आपल्या दाराशी येतो. हे स्कोफिल्ड्स ब्लॅकटाऊन नगरपालिकेत आहे. ब्लॅकटाऊन हे नाव कोठून आले, याचा विचार आपण घराचे हप्ते भरताना सहसा करीत नाही. येथून काही किलोमीटरवर रिचमंड रस्त्याला १८२३ साली पॅरामाटाहून आदिवासी मुलांची एक संस्था हलविण्यात आली. आई-बापांपासून तोडलेल्या मुलांना तेथे 'सुसंस्कृत' केले जाई. काळ्यांची वस्ती म्हणून त्या जागेला जे नाव पडले तेच आपल्या पत्त्यावर आहे. २०१८ साली ती भूमी धारुग लोकांना परत मिळाली. आपल्या पूर्वजांच्या वस्तीलाही गावाने नाव दिलेले असे, आणि ते नाव घेताना गाव थुंकी गिळीत असे. हे साम्य मी आपणांस समजावून सांगावयास नको.

या देशाच्या आदिवासींतील दोन गायकांनी, ब्रिग्ज आणि ट्रायल्स यांनी, 'ए. बी. ओरिजिनल' या नावाने २०१६ साली एक अल्बम काढला. मंडळाचे नावच श्लेष : 'अॅबोरिजिनल' हा शब्द फोडून 'अस्सल' केलेला. अल्बमचे नाव 'रिक्लेम ऑस्ट्रेलिया'. हे नाव त्यांनी उचलले ते परक्यांच्या, विशेषतः मुस्लिमांच्या विरोधात २०१५ पासून मोर्चे काढणाऱ्या एका गटाचे. ऑस्ट्रेलिया परत मिळवा, अशी घोषणा देणाऱ्यांना त्यांनी जणू विचारले, की मिळवू या, पण कोणी कोणाकडून? हा आपला सोंगाड्याच! प्रश्न भाबडा, उत्तर अशक्य. त्या अल्बमला ऑस्ट्रेलियन म्युझिक प्राइझ मिळाले. त्यातील एक गीत २६ जानेवारी या तारखेवर आहे, आणि २०१७ साली देशातील लोकप्रिय गाण्यांच्या वार्षिक मोजणीत ते पहिल्या वीसांत आले. ही मोजणी प्रसारित होत असे ती २६ जानेवारीलाच! २०१८ पासून त्या रेडिओ केंद्राने मोजणीचा दिवस बदलला. त्याला अनेक कारणे आणि अनेकांची चळवळ होती, पण एका गाण्याने तारखेला चिमटा काढला हे नक्की.

२६ जानेवारी! बंधू-भगिनींनो, या तारखेला आपण याच सभागृहात संविधानाच्या प्रास्ताविकेचे वाचन करतो. १९५० साली याच दिवशी बाबासाहेबांचे संविधान अमलात आले. आणि याच दिवशी, १९३८ साली, याच सिडनी शहरात आदिवासी नेत्यांनी शोकदिन पाळून नागरिकत्वाचे समान हक्क मागितले. त्याच जानेवारीत मुंबईत बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली कोकणातील शेतकऱ्यांचा खोतीविरोधी मोर्चा कौन्सिल हॉलवर गेला होता. आपण लाडू वाटतो तेव्हा शेजारी शोक करीत असतो. आपला उत्सव खोटा नाही, त्यांचा शोकही खोटा नाही. यावर आपल्या संस्थेने काय करावे हे कार्यकारिणीने ठरवावे. मी एवढेच सुचवितो, की प्रास्ताविकेनंतर आपल्यातील एखाद्या तरुणाने या भूमीच्या मूळ मालकांची गोष्टही सांगावी. ती सांगण्यासाठी धारुग समाजातील कोणी पाहुणे आले तर अधिकच चांगले.

आता मी त्या गोष्टीकडे येतो, जिच्यासाठी मी खरे तर हा विषय मागून घेतला.

मागील वर्षी आपल्या मुलांनी येथे एक बतावणी केली होती. ती त्यांनी स्वतः लिहिली होती, अर्धी मराठीत, अर्धी इंग्रजीत. प्रसंग असा : सिडनीत एका मराठी घरी मेजवानी. नवे पाहुणे येतात. यजमान विचारतात, "आडनाव काय म्हणालात?" पाहुणा सांगतो. "हो हो, पण मूळचं?" "मूळचंच आहे." "तसं नाही हो, गाव कोणतं?" मग यजमानीणबाई विचारतात, "गणपती किती दिवसांचा असतो तुमच्याकडे?" आणि सोंगाड्या झालेली मुलगी प्रेक्षकांकडे वळून सांगते, "रुग्णाला ताप नाही, खोकला नाही, तरी नाडी तपासणे चालू आहे." आपण सारे पोट धरून हसलात. पहिल्या रांगेत इतर भारतीय संस्थांचे निमंत्रित पाहुणे बसले होते. ते हसले, पण जरा उशिराने.

आपणांस ठाऊक नाही ते असे. त्या बतावणीत मूळात आणखी दोन संवाद होते. त्यात एक डॉक्टर होता. यजमान त्याला विचारतात, "आपण मूळचे कुठले?" डॉक्टर टाय सारखा करीत म्हणतो, "पुण्याचा." सोंगाडी विचारते, "पुण्यात कुठले?" डॉक्टर म्हणतो, "हॉस्टेलचा!"

रंगीत तालमीच्या वेळी मी हे ऐकले आणि संयोजकांना बाजूला घेऊन सांगितले, की कार्यक्रम लांबतो आहे, हे दोन संवाद काढून टाका. ते काढले गेले. मुलांनी वाद घातला नाही. केवळ त्या तेरा वर्षांच्या सोंगाडीने मला विचारले, "डॉक्टर काका, वेळ जास्त होतो की तुम्हाला लागतं?"

मी हसून विषय टाळला. मी सिन्नर तालुक्यातला आहे. माझे गाव आणि वामनदादांची देशवंडी एकाच तालुक्यात. पुण्यात मी राहिलो तो वैद्यकीय शिक्षणाच्या काळात, वसतिगृहाच्या खोलीत. परंतु या देशात आल्यापासून इतर मराठी मंडळींत मी अनेकदा, विचारले जाण्याच्या आतच, 'पुण्याचा' असे सांगून मोकळा झालो आहे. कारण सिन्नर म्हटले की पुढचा प्रश्न येतो, आणि त्याच्या पुढचा. खोटे मी कधी बोललो नाही. केवळ उलटतपासणी सुरू होण्यापूर्वीच साक्ष संपविली. मुलांनी हे पाहिले होते. मी समजत होतो की मुले मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात.

जलशातील सोंगाड्या श्रोत्यांकडे वळून पाही, असे मी मघाशी मोठ्या कौतुकाने सांगितले. तो माझ्याकडे वळला तेव्हा मी त्याचे तोंड बंद केले. कोणत्याही सरकारला बंदीचा हुकूम काढावा लागला नाही. त्या रात्री झोप लागली नाही म्हणून मी गॅरेजमध्ये जाऊन ते खोके उघडले. कॅसेटींच्या वेष्टनांवर माझ्या वडिलांच्या अक्षरांत गाण्यांची यादी होती आणि एका कॅसेटीवर गाण्यांच्या नावाऐवजी त्यांनी एवढेच लिहिले होते, 'हसायची'. ते सातवी शिकलेले होते. त्यांना कोणी गाव विचारले तर ते गाव सांगत, तालुका सांगत, आणि विचारणाऱ्याच्या तोंडाकडे पाहत उभे राहत.

या कॅसेटी आपल्या संस्थेतील एक तरुण अभियंता आता संगणकावर उतरवून घेत आहे. काही फिती तुटल्या आहेत, काही एकमेकींना चिकटल्या आहेत, तरी निम्म्याहून अधिक गाणी ऐकू येण्यासारखी निघाली. ज्यांच्या घरी अशा कॅसेटी असतील त्यांनी कृपया कचऱ्यात टाकू नयेत, निघताना चिटणीसांकडे नाव नोंदवावे. माझ्या माँटेनेग्रोच्या मित्रालाही मी एक गाणे ऐकविले. भाषांतर करता करता माझीही तीच फजिती झाली, जी त्याची झाली होती.

यंदाही पाहुणे पहिल्या रांगेत आहेत, आणि त्यांचे मी मनःपूर्वक स्वागत करतो. माझ्या भाषणानंतर लगेच मुलांची बतावणी आहे. मागील वर्षीचीच, परंतु यंदा पूर्ण. डॉक्टरचे काम करणारा मुलगा मघाशी माझ्याकडे येऊन माझा स्टेथोस्कोप मागून घेऊन गेला. टायही माझाच आहे. प्रयोग संपल्यावर दोन्ही वस्तू मला परत मिळाव्यात, सकाळी आठला दवाखाना आहे.

जय भीम!